बाबांचा हेडफोन

लाखनीच्या त्या गल्लीत गुलाब शहारेंचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. सकाळी त्यांनी सुनेला चहा मागितला की ते हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जातं, असं लोक हसून म्हणत. माणूस भांडखोर नव्हता, तोंडात कधी शिवी नसायची. कान गेले होते, एवढंच. आणि ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याला तो किती चढलाय हे कळणार कसं?

कान गेले ते चिखल्याच्या खाणीत. उमेदीची सारी वर्षं त्यांनी जमिनीखाली मँगनीजच्या दगडात ड्रिल चालवलं. कानात घालायला बुचं मिळायची, ती ते खिशात ठेवायचे. "बुच घातलं तं छत कसं आयकू येईन?" असं त्यांचं म्हणणं. वरचा दगड सुटायच्या आधी कुरकुरतो, टेकूचं लाकूड करकरतं, ते ज्याला ऐकू आलं तो वाचतो. त्या कानांच्या जोरावर ते स्वतः वाचले, सोबतच्यांनाही त्यांनी वेळेवर मागे ओढलं. पण ड्रिलनं आपलं काम थांबवलं नाही. रिटायर होऊन खाणीचं क्वार्टर सोडून मुलाकडे आले, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागायचं. बायको वच्छला होती तोवर तिच्या ओठांवरून त्यांना सगळं समजायचं. ती गेली आणि ते समजणंही तिच्यासोबत गेलं.

कानात घालायचं यंत्र मुलानं आणून दिलं होतं. ते शिटी मारायचं, कान दुखायचा. आता ते कपाटाच्या खणात पडून होतं.

मुलगा सुगत, लाखनीच्याच एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. नीटनेटका माणूस. शर्टाची घडी मोडू द्यायचा नाही आणि बोलताना आवाज चढू द्यायचा नाही. वर्गात पोरं दंगा करायला लागली की तो आणखी हळू बोलायचा, मग पोरंच गप्प व्हायची. अशा माणसाच्या घरात गुलाबरावांचा आवाज सकाळ-संध्याकाळ घुमायचा.

लोक हसायचे ते सुगतनं बरीच वर्षं सोसलं. मग अड्याळचा प्रसंग झाला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचे वडील वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो बाबांना घेऊन गेला. ओळख जुनी होती, बाबांनाही यायचं होतं. विहार भरलेलं. प्राचार्य पुढच्या रांगेत. श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, शांत झाले, आणि त्या शांततेत गुलाबरावांनी शेजारच्याला विचारलं, "का झालं गा? काहून चूप झाले सारे?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेरांगेतून पसरलं. ज्याचे वडील गेले होते तो सहकारीसुद्धा ओठ दाबून खाली पाहत राहिला. सुगतचे कान तापले. त्या दिवसानंतर त्यानं बाबांना कुठं नेलं नाही. कार्यक्रम आला की "तुम्ही आराम करा, दगदग होईल" असं त्यांच्या कानाशी ओरडायचा आणि एकटाच निघायचा.

घरात बाबांचा एकच विरंगुळा उरला होता, खुशबूचा रविवारचा फोन. खुशबू सुगतची धाकटी बहीण, लग्न होऊन पुण्याला असते. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी सुगतनं मोठा कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर तिचा व्हिडिओ कॉल लागायचा. दोन्ही स्पीकर पूर्ण आवाजात, बाबांचा कान एका स्पीकरला चिकटलेला, आणि खुशबू तिकडून ओरडून बोलतेय. असा तो बाप-लेकीचा सोहळा चालायचा.

एका रविवारी ती बोलता बोलता रडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पुष्पाबाई, शेतकरी घरातल्या, मनानं चांगल्या बाई, कोथिंबीर द्यायला आल्या आणि सुगतच्या बायकोला, रत्नमालेला हळूच म्हणाल्या, "खुशबूले याही वेळेस दिवस राह्यले नाही म्हणते. सांग तिले, मन खट्टू नोको करू. माह्या बहिणीले तं तिसऱ्या खेपेले झालं."

रत्नमालेनं हे संध्याकाळी सुगतला सांगितलं. तो हातातला चहाचा कप तसाच धरून बसला. खुशबूनं हे नवऱ्याच्या घरीसुद्धा सगळ्यांना सांगितलं नव्हतं. आणि इथं भिंतीपलीकडे गल्लीभर ते पसरलं होतं.

"आता हे बंद झालं पाहिजे," तो म्हणाला.

"फोन बंद करता का?"

"फोन नाही. आवाज."

त्यानं भंडाऱ्याहून चांगला मोठा हेडफोन आणला, कानाला पूर्ण झाकणारा. बाबांना लावून दिला, खुशबूला फोन लावला. बाबांनी थोडा वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि हेडफोन काढून ठेवला. "चिमणी बोलल्यावानी वाटते," ते ओरडले. कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज इतक्या मोठ्या हेडफोनला आणि इतक्या गेलेल्या कानांना पुरत नव्हता. सुगतनं चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यासाठी मध्ये एक अँप्लिफायर लागतो. त्यानं तो मागवला.

डबा आला तो शनिवारी. तळहाताएवढी काळी लोखंडी पेटी, पुढे एक जाड बटण आणि हेडफोनचं भोक. सुगत टेबलाखाली शिरला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे स्पीकरची पिन जिथं खुपसलेली होती, ती हिरवी जागा मोकळी केली, तिथं नवी वायर लावली, वायरीची लाल-पांढरी दोन टोकं पेटीच्या मागे घातली, प्लग बोर्डात लावला. स्वतः हेडफोन घालून, एक गाणं लावून बटण फिरवलं तर गाण्याआधी नुसती घरघर. जणू उन्हाळी मोटार पंप चालू आहे. बोर्ड बदलला, फ्रिजचा प्लग काढून पाहिला, तरी ती घरघर गेली नाही.

बाबा खुर्चीवर बसून त्याची धडपड पाहत होते. "राहू दे रे," ते म्हणाले, "माह्यासाठी इतका का करतो?"

तुमच्यासाठी नाही, असं सुगतच्या मनात आलं. तो पुन्हा टेबलाखाली शिरला.

डब्यात एक दुसरी वायरही होती, यूएसबीची. ती लावल्यावर कॉम्प्युटरनं पेटीला आपली म्हणून ओळखलं. आवाज कुठून काढायचा त्या यादीत तिचं नाव आलं. सुगतनं ते निवडलं आणि घरघर अशी थांबली की त्याला खोलीतला पंखा ऐकू आला. मग माइक. टेबलावरचा माइक वर्ग घेण्याच्या काळातला, बरेच दिवस बंद होता. तो चालतो की नाही हे पाहायला सुगतनं सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक केली. ती टिक केली की माइकनं पकडलेला आवाज आपल्याच हेडफोनात ऐकू येतो. "हॅलो, हॅलो," तो म्हणाला. आलं. तेवढ्यात गॅसवाला आला, रत्नमालेनं हाक मारली, आणि सुगत उठला.

चौकोनातली टिक तशीच राहिली.

रविवारी सुगतनं बाबांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला, बटण शून्यावर नेलं आणि खुशबू बोलत असताना हळूहळू फिरवत गेला. बटण पाऊण फेरा गेलं आणि बाबांच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. त्यांनी हात वर केला, थांब. समोर खुशबू बोलत होती. बाबा हसले. दात नसलेल्या बाजूनं, लहान पोरासारखे.

"आयकू येऊन राहिलं बाई," ते म्हणाले. "तुह्या मागं कुकर वाजला का?"

खुशबू तिकडे डोळे पुसायला लागली. पण सुगत चमकला तो दुसऱ्याच गोष्टीनं. बाबा हळू बोलत होते. ओरडत नव्हते. खोलीपुरता, माणसापुरता आवाज. हा आवाज त्यानं लहानपणी ऐकला होता, खाणीच्या क्वार्टरात, रात्रपाळीहून आलेले बाबा आईशी बोलायचे तेव्हा. इतक्या वर्षांत तो विसरला होता की बाबांना असाही आवाज होता. खुशबूचं नीट ऐकू येतंय म्हणून ओरडत नसतील, एवढंच त्याला सुचलं. आणि भिंतीपलीकडे काही जात नाही, या विचारानं त्याला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे बाबांना त्या खुर्चीची ओढच लागली. सकाळी चहा झाला की टेबलापाशी जाऊन बसायचे, "मशीन चालू कर रत्ना," म्हणायचे. कधी रत्नमाला जुनी भीमगीतं लावून द्यायची. पण गाणी संपली तरी ते हेडफोन काढत नसत. समोरचा पडदा काळा, आणि बाबा तांदळाचं ताट मांडीवर घेऊन खडे निवडत, मान एका बाजूला कलती करून बसलेले.

"मामाजी नुसतंच लावून बसतात," रत्नमाला एकदा हसून म्हणाली. "डोक्याले गरम वाटत असंन."

एकदा ती भाकरी थापत असताना ते तिकडून म्हणाले, "बाई, तुह्या बांगड्या नव्या आहेत का?" तिला वाटलं, पाहिल्या असतील.

मग धम्मदीपचा फोन आला. तो गुरुवार होता, सुगत कॉलेजातून आलेला, जेवून पंख्याखाली बसला होता. बाबा नेहमीप्रमाणे टेबलापाशी पाठमोरे, कानावर हेडफोन, मांडीवर ताट. धम्मदीप चिखल्याचाच, सुगतच्या बरोबरीचा. त्याचे वडील आणि गुलाबराव एकाच पाळीत खाली उतरायचे. गुलाबराव तेव्हा खाणीच्या वसाहतीतल्या गायन पार्टीत गायचे.

"जयभीम सुगतभाऊ," तो म्हणाला. "वसाहतीतल्या विहाराचा नवा हॉल झाला. उद्घाटन आहे. त्यात जुन्या गायन पार्टीचा सत्कार ठेवला. आता त्यातले उरले किती? गुलाबकाका पाह्यजेच. एक कडवं म्हणतील तं अख्खी वसाहत आयकाले येईन."

सुगतच्या डोळ्यांपुढे अड्याळ आलं. रांगेरांगेतून पसरणारं हसू आलं. इथं तर स्टेज असेल, माइक असेल, पुढे साहेब लोक बसतील. बाबा माइकवर ओरडतील, सूर सुटेल, विचारलं एक तर सांगतील दुसरंच.

"नाही रे धम्मदीप," तो म्हणाला. "बाबांची तब्येत बरी नाही. पडूनच आहेत म्हण ना. प्रवास झेपत नाही त्यांना."

"अरे! का झालं?"

"वय झालं आता. तू सगळ्यांना सांग, त्यांचा आशीर्वाद आहे म्हणून."

फोन ठेवला. रत्नमाला दारात उभी होती, हातात ओला कपडा. "काहून खोटं सांगितलं?" ती म्हणाली. "चांगले बसलेत समोर."

"मग काय करू? नेऊ स्टेजवर?" सुगत वैतागला. दिवसभराचा थकवा, मनातली टोच, सगळं एकदम बाहेर आलं. "अड्याळला झालं ते पुरे नाही का? चार माणसांत बसायची सोय ठेवली नाही त्यांनी. तोंड उघडलं की मान खाली घालावी लागते. घरात आहेत, खाऊन-पिऊन आहेत, बरं आहे. घरात ठेवलं तर निदान इज्जत राहते."

"हळू बोला."

"कुणाला ऐकू जातंय?" तो म्हणाला. "त्यांना?"

टेबलापाशी तांदळातली बोटं थांबली होती. सुगतचं तिकडे लक्ष गेलं ते बाबा बोलले तेव्हा. त्यांनी मान वळवली नव्हती. आवाज तोच, हळू, खोलीपुरता.

"तू बरोबर बोलला सुगत. मी नाही जात चिखल्याले."

रत्नमालेच्या हातातल्या कपड्यातून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते.

"पण आजारी काहून सांगतलं?" बाबा म्हणाले. "त्याइले चिंता लागंन. येत नाही म्हणते, असं सांगतलं असतं."

सुगत उठला. टेबलाजवळ गेला. कोपऱ्यातला माइक, त्याच्यावरचा बारीक हिरवा दिवा. त्याला सगळं एकदम कळलं. तो चौकोन, ती राहिलेली टिक, ते रिकाम्या पडद्यासमोर बसणं, बांगड्या, आणि स्वतःचं बोलणं ऐकू आल्यानं परतलेला तो जुना, हळू आवाज.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला... हे सगळं ऐकू येतं?"

"येते ना. तूच तं करून दिलं." बाबांनी आता मान वळवली. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच सुगतला सोसवेना. "त्या दिवशी टेबलाखाली घुसून घुसून केलं. मले वाटलं, खुशबूपुरतं करतो. मंग पाहतो तं घर आयकू येऊन राहिलं. रत्नाची भाकर. पाखरं. मी म्हटलं, पोरानं न सांगता माह्यासाठी केवढं केलं. कोणाले बोललो नाही. बोललो आन् गेलं तं?"

सुगत माइकवरच्या त्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिला.

"आता हेही मले आयकवासाठीच बोलला ना तू?" बाबा म्हणाले. "तोंडावर बोलाले जड जाते. मले समजते. बरं केलं."

खरं सांगायला एवढंच पुरलं असतं: बाबा, ते माझ्याकडून चुकून राहिलं होतं, आणि हे मी तुमच्या पाठीमागे बोलत होतो. पण बाबांनी त्याला दोन्ही बाजूंनी चांगला ठरवून टाकला होता. घर ऐकू यावं म्हणून झटणारा मुलगा, आणि अवघड गोष्ट आडून सांगणारा मुलगा. त्यातला एकही सुगत नव्हता. त्यानं नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. समोरून पुष्पाबाई गेल्या, "जेवले का सर?" म्हणाल्या, आणि त्याला त्यांच्याकडेही पाहता येईना.

"सांगून टाका त्याइले खरं," रत्नमाला मागून म्हणाली.

"सांगतो."

पण त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूमबाहेर उभं राहून त्यानं धम्मदीपला फोन लावला. वाटलं होतं, सरळ म्हणावं, मी खोटं बोललो. तोंडातून निघालं ते असं: "बाबांना आता बरं वाटून राहिलं रे. घेऊन येतो त्यांना." तिकडून धम्मदीप इतका खूश झाला की सुगतला फोन हातात जड वाटला.

बाबा मात्र तयार होईनात. टेबलापाशी बसणंही त्यांनी सोडलं होतं. हेडफोन खुंटीला, ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून. शेवटी रत्नमालेनंच त्यांना हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं, हेडफोन लावला आणि माइकसमोर बसून सासूची आठवण काढत म्हणाली, "मामाजी, आत्याबाई असत्या तं गेल्या असत्या का नाही?"

बाबांनी हेडफोन कानावर नीट बसवला. "थे तं मले ओढत नेली असती," ते म्हणाले. "पांढरा शर्ट कुठं आहे माहा?"

रविवारी दोघं बाप-लेक निघाले. भंडारा, तुमसर, पुढे गोबरवाही, मग लाल-काळ्या मातीचे ढीग आणि चिखला. हेडफोन घरी होता, आणि गाडी चालवत ओरडावं इतकं सुगतजवळ काही नव्हतं.

वसाहतीत शिरल्यावर मात्र सुगतला गंमतच दिसली. मंडपात गायन पार्टीतली, पाळीतली जुनी माणसं एका कोपऱ्यात जमलेली, आणि सगळीच ओरडत होती. "गुलाब! आला का बे!" "आलो!" "का म्हणते?" "आलो म्हणतो!" कुणाचा एक कान गेलेला, कुणाचे दोन्ही. एक म्हणायचा जेवण झालं का, दुसरा सांगायचा बसनं आलो, आणि दोघंही खूश. बाबांचा आवाज त्या घोळक्यात कुठंच वेगळा पडत नव्हता. सुगत जवळ जाऊन आपल्या सवयीनं हळू बोलला, "काका, जयभीम," तर त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्याला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं.

बाबांनी एक कडवं म्हटलं. सूर सुटला, ताल पुढे गेला, पेटीवाला धावत मागे लागला. सुगत तिसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इथंही, एवढं होऊनही, त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी लाज वाटली. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. बायका टाळ्यांनी ठेका धरत होत्या.

सत्कार झाला. शाल गळ्यात घालून बाबा खाली उतरले तशी मनकर्णाबाई पुढे आली. धम्मदीपची आजी, काठी टेकत, वाकलेली. तिनं बाबांचा हात धरला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं विचारलं, "गुलाब, तू पडून होता म्हणे! पोट्टा सांगत होता! का झालं होतं?"

धम्मदीप शेजारीच होता. त्यानं सुगतकडे पाहिलं. हीच वेळ होती, आणि तो उभा राहिला, नुसता.

बाबांनी आधी म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं, मग सुगतच्या. प्रश्न त्यांना ओठांवरून समजला की सुगतच्या चेहऱ्यावरून, कोण जाणे.

"ताप होता!" ते ओरडले. "लय ताप होता! सुगतनं दवाखाना केला, बसून राह्यला माह्यापाशी. आता ठणठणीत आहो!"

"पोरगा गुणाचा हाये," मनकर्णाबाई म्हणाली आणि तिनं सुगतच्या गालावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली.

परतताना तुमसरच्या अलीकडे सुगतला गाडी चालवणं अशक्य झालं. त्यानं एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. बाकावर बाबांना बसवलं, चहा सांगितला. ट्रॅक्टर उभे होते, धानाची पोती भरलेले, हमाल चहा पीत होते. सुगत बाबांच्या शेजारी बसला.

"बाबा, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"आँ?"

"मी खोटं बोललो!"

बाबांनी हात कानामागे धरला. "का म्हणते?"

हळू बोलून होणारं हे काम नव्हतं. सुगतनं टपरीवरच्या माणसांकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. तो बाबांच्या कानाजवळ गेला आणि छाती फुटेल असा ओरडला. "मी खोटं बोललो! तुम्ही आजारी नव्हते! मला तुमची लाज वाटत होती, म्हणून सांगितलं! अड्याळपासून वाटते! आणि ते घर ऐकू येत होतं ना, ते मी मुद्दाम नव्हतं केलं! चुकून राहून गेलं होतं! तुम्हाला ऐकू येतं हे माहीत असतं तर मी बोललो नसतो! पाठीमागे बोलत होतो मी!"

टपरीवाल्याच्या हातातली किटली अर्धवट थांबली. हमाल वळून पाहायला लागले. एकानं बिडी तोंडातून काढली. सुगतचा आवाज फाटला होता, आणि गळ्याच्या शिरा दुखत होत्या.

बाबांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "आयकलं," ते म्हणाले. "सारे पाहून राहिले तुह्याकडे."

"पाहू द्या."

बाबा रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, "कान गेले माहे. डोळे नाही गेले. अड्याळहून आल्यापासून तू मले कुठं नेत नाही, मले दिसत नोतं का?"

"मग बोलले का नाही?"

"का बोलू? मलेच लाज वाटे. पोराची मान खाली गेली माह्यापायी." त्यांनी शालीचं टोक नीट केलं. "पण थे घराचं... थे मले खरंच वाटलं होतं रे. तू माह्यासाठी केलं म्हणून."

एवढं बोलून ते उठले आणि गाडीकडे गेले. पुढच्या सीटवर न बसता मागचं दार उघडून बसले. सुगतनं चहाचे पैसे दिले. टपरीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही, सुटे हातावर ठेवले. लाखनीपर्यंत आरशात बाबांचा चेहरा दिसत होता. ते बाहेर, धानाच्या कापलेल्या शेतांकडे पाहत होते.

घरी आल्यावर रत्नमालेनं विचारलं, "कसं झालं?" सुगतनं नुसता हात हलवला आणि आत गेला. बाबा मात्र पलंगावर बसून तिला सांगायला लागले. शाल दाखवली, कोण म्हातारा झाला, कोण दिसला नाही, पेटीवाला कसा मागे राहिला. आवाज चढत गेला. सुगत आतून आला आणि त्याचं त्यालाच दिसलं, की आपण रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभे आहोत आणि आपला हात तिच्या झडपेवर आहे. खिडकी लावायला. कुणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. हात आपला आपण गेला होता.

रत्नमाला पाहत होती. बाबाही बोलता बोलता थांबून पाहत होते.

बाहेर अंगणात पुष्पाबाई वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी तिथूनच हाक दिली, "काकाजी, कसा झाला जी कार्यक्रम?"

बाबांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. सुगतचा हात अजून झडपेवर होता. त्यानं घसा साफ केला, पण दुपारी फाटलेला आवाज फाटलेलाच निघाला.

"चांगला झाला काकू," तो ओरडला. "या ना आत. त्यांच्याच तोंडून ऐका."

पुष्पाबाई कपडे खांद्यावर टाकून आल्या. रत्नमालेनं चटई टाकली. बाबांनी सुगतकडे एकदा पाहिलं आणि पुष्पाबाईंसाठी शाल पुन्हा घडीतून उलगडली. सुगत चटईच्या कडेला बसला आणि मान खाली घालून सगळं पहिल्यापासून ऐकत राहिला.